‘आजीच्या कार्डावरचा ठसा उखडला’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीसाठी आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलीने आमच्या दांडिया बाजारातील वर्गात केलेल्या शुभेच्छापत्राबद्दल आपण दोन तक्रारी लिहिल्या आहेत: हाताचा ठसा प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटून उखडला, आणि फुलांच्या पाकळ्या वेड्यावाकड्या असूनही ताईंनी त्या नीट करून दिल्या नाहीत.

पहिली चूक संपूर्णपणे आमची आहे आणि तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. ठशासाठी आम्ही पोस्टर कलर वापरतो, कारण तो मुलांच्या हातांवरून साध्या पाण्याने निघतो. मात्र तो जाड लागला की वरून कोरडा वाटतो आणि आत ओला राहतो. त्यातच हातकागद ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे बडोद्याच्या भर पावसाळ्यात अर्धा तास पंख्याखाली ठेवून कार्ड पाकिटात बंद करणे चुकीचेच होते. इतकी वर्षे हे काम करणाऱ्या माणसाला एवढे कळायला हवे होते. आता पावसाळ्यात कार्डे रात्रभर उघडी, सपाट ठेवून दुसऱ्या दिवशी देतो आणि पाकिटाऐवजी बटर पेपरमध्ये गुंडाळतो.

पाकळ्यांच्या बाबतीत मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे. या वयात रेघ बोटांपेक्षा कोपरातून आणि खांद्यातून येते, खडू पुष्कळदा मुठीतच असतो, म्हणून ती ठरवलेल्या जागी थांबत नाही. ताई बोथट सुईने घडीची रेघ आखून देतात, जाड कागद कापून देतात, तळव्याला रंग लावून देतात. पण मुलाच्या रेघेवरून स्वतःचे पेन फिरवत नाहीत, कारण तसे केल्यावर ते कार्ड ताईंचे होते. आपल्या मुलीने एक पाकळी मुद्दाम मागच्या बाजूला काढली होती, आजी कार्ड उलटून बघते म्हणून. ती पुढे आणून ‘नीट’ केली असती, तर तिचे हे सांगणेच पुसले गेले असते. हा आमचा नियम प्रवेशाच्या वेळी सांगायला हवा होता, हे मात्र मान्य.

आपले शुल्क परत करत आहे. शिवाय कोणत्याही शनिवारी मुलीला घेऊन यावे, आणि येताना तेच कार्ड आणावे: आतले डावे पान कोरे आहे, त्यावर नवा ठसा घेता येईल.