पाच दिवसांत पाच पार्क? दोन करा आणि बसा

दर वर्षी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अमेरिकेत युटाला चाललोय, पाच दिवस आहेत. झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅनियनलँड्स, पाचही नॅशनल पार्क बसतील ना?"

बसतात की. लग्नसराईत एसटीत माणसं बसतात तसे.

आम्हीही तीन वर्षांपूर्वी बसवले होते. आज ठळक आठवतंय ते एवढंच, आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपाशी पार्किंग मिळेना म्हणून झालेलं भांडण आणि गाडीतच संपलेला चिवडा.

या सप्टेंबरात आई आली होती, वय ६७. नवऱ्याला सांगून टाकलं, दोनच पार्क आणि हॉटेल नाही, तंबू. तंबू रोज उभारायचा-मोडायचा कंटाळा येतो, त्यामुळे माणूस आपसूक एका जागी टिकतो.

पहिली रात्र ब्राइसला. नावात कॅनियन आहे, पण ही काही नदीने कोरलेली दरी नव्हे. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि खडक फुटत फुटत लाल-केशरी सुळके उरतात. त्यांना हूडू म्हणतात. आम्ही कुकर घरी विसरलो होतो, म्हणून पातेल्यात भात लावला. ८,००० फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं हे शाळेत शिकले होते, तिथे चावून बघितलं. पाऊण तासाने भात बाहेरून गिचका, आतून कणी! आईने त्यावर पिठलं ओतलं आणि म्हणाली, "नीट चावा, तेवढीच ऊब."

दुसऱ्या दिवशी हायवे १२. बोल्डर गावाच्या अलीकडे हॉगबॅकवर रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतार. आईची रामरक्षा तिथे दोनदा झाली.

मग कॅपिटल रीफमधल्या फ्रुटाला तीन रात्री. लाल कड्यांच्या मधोमध, फ्रीमाँट नदीच्या काठी चक्क फळबागा! १८८० च्या दशकात आलेल्या मॉर्मन कुटुंबांनी लावायला घेतलेल्या, आता पार्क त्या सांभाळतं. तोडणी सुरू असलेल्या बागेत हवी तेवढी फळं खा, फुकट. घरी न्यायची तर स्वतःच वजन करा आणि पैसे पेटीत टाका. आईने सफरचंदं तोलली, पैसे टाकले आणि पुन्हा एकदा वळून बघितलं, कुणी बसलंय का ते.

दुपारी ग्रँड वॉश या घळीत जायचं होतं. डोक्यावर आभाळ निरभ्र, फक्त पश्चिमेला लांब कुठेतरी गडगडत होतं. रस्ता बंद. नवरा चिडला, मला मात्र सांदण दरी आठवली. पावसाळ्यात तिथे उतरू नका म्हणतात ते काय उगाच? १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ जण वाहून गेले, पाऊस पडला होता तो मैलोन् मैल लांब. वाळवंटातला खडक पाणी पीत नाही, ते सरळ घळीत उतरतं. संध्याकाळी कोरड्या ओढ्यातून पातळ शेणकाल्यासारखं पाणी धावताना बघितलं, तेव्हा नवऱ्याचा राग उतरला. "फुकट गेलेली" दुपार म्हणतात ती हीच. पाचांच्या यादीत असलो असतो तर आभाळाकडे न बघता पुढच्या पार्ककडे सुटलो असतो.

रस्ता पुन्हा उघडला तेव्हा याच पार्कमधल्या कॅपिटल गॉर्ज या घळीत गेलो. १८७१ पासून इथून गेलेल्यांनी भिंतीवर कोरलेली नावं दिसली (आता कोरलंत तर गुन्हा, बरं का). शेवटी थोडी चढण चढलं की टँक्स, म्हणजे खडकातले खळगे, काल-परवाच्या पावसाने भरलेले. या पार्कभर जवळजवळ १६० किलोमीटर पसरलेल्या भूस्तराच्या घडीला वॉटरपॉकेट फोल्ड हे नाव अशाच खळग्यांवरून पडलंय.

आईचं माहेर पारनेर तालुक्यातलं. ती खाली बसली, पाण्यात बोटं बुडवली. "अगं, ही तर आपली निघोजची कुंडं!" मी शहाणपणा केला, तिथे कुकडीने दगडगोटे घुसळून काळ्या कातळात रांजण कोरले, इथे वालुकाश्म पावसात झिजलाय. तिचं लक्ष नव्हतं. पाण्यात काहीतरी बारीक वळवळत होतं, ते ती बघत होती.

नवऱ्याने घड्याळ बघितलं. "आत्ता निघालो तर अंधार व्हायच्या आत आर्चेस होईल."

"कशाला?" आई म्हणाली. "बस ना जरा."