ग्रीक-ज्यू रंगभूमीवर परिसंवाद भरवताना घ्यायची काळजी

प्राचीन ग्रीक आणि ज्यू रंगभूमीवर तीन दिवसांचा परिसंवाद भरवायचं काम विद्यापीठाने तुमच्या गळ्यात घातलं असेल, तर घाबरू नका. धोका एकच आहे: कुणीतरी उठून नाटक म्हणायला लागेल.

नाटक म्हणजे ‘एक्सागोगे’. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, बहुधा अलेक्झांड्रियात, एझेकिएल नावाच्या ज्यू कवीने, ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेची बायबलातली गोष्ट ग्रीक शोकांतिकेच्या साच्यात बसवली. त्यातल्या 269 ओळी उरल्या आहेत. त्याही चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती बिशपने दुसऱ्याच एका लेखकाच्या ग्रंथातून उतरवून घेतल्या म्हणून. मोठ्याने म्हटल्या तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतात. एवढ्याशा मजकुरापासून चाळीस माणसं तीन दिवस लांब ठेवायची, हे खायचं काम नाही, पण जमतं.

पहिला दिवस ‘हे नाटक रंगमंचावर आलं होतं का?’ या प्रश्नाला द्या. पुरावा ना या बाजूचा, ना त्या बाजूचा, त्यामुळे वाद आटपायची भीती नाही. एकाने म्हणावं, स्थळं फार बदलतात: मिद्यान, पेटतं झुडूप, इजिप्त, मग एलिमचे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं. दुसऱ्याने म्हणावं, समुद्र दुभंगतो तो दाखवायचाच नाहीये, दूत येऊन सांगतो. हे नाटकवाल्याचं डोकं आहे. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो आपण अनेकदा नाट्यगृहात गेल्याचं स्वतः लिहितो, ते जेवणाआधी उरकून घ्या. दुपार मिलेटस या प्राचीन ग्रीक शहराच्या नाट्यगृहातल्या पाचव्या रांगेसाठी राखून ठेवा. तिथे आसनावर ज्यूंची जागा कोरलेली आहे. ती ‘देवभीरू म्हणवणाऱ्या ज्यूंची’ की ‘ज्यूंची आणि देवभीरूंची’ (म्हणजे ज्यूंचा देव मानणाऱ्या इतरांचीही), हे एका अव्ययाच्या जागेवर ठरतं, आणि त्या अव्ययावर चार शोधनिबंध सहज निघतात. त्या आसनावर बसून माणसं नाटक बघत होती, हे मध्येच कुणी बोललं तर वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवा. (कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू मंडळींनी बायबलातल्या कथा मराठी कीर्तनात उभ्या केल्या, तेव्हा त्यांना आधी असा वाद मिटवावा लागला नव्हता. पण ते पडले कीर्तनकार.)

दुसऱ्या दिवशी नाटकाच्या ओळींच्या वृत्ताचं सत्र. इथे मराठी शाळेत गण पाडलेला माणूस चुकून शिरला तर घोटाळा करील, कारण त्याला हे दहा मिनिटांत कळतं. पहिलं अक्षर लघू किंवा गुरू, मग गुरू-लघू-गुरू. असं तीनदा, की झाली बारा अक्षरांची ओळ. यती बहुधा पाचव्या नाहीतर सातव्या अक्षरानंतर. कधी एका गुरूच्या जागी दोन लघू येतात, तेवढं अक्षर वाढतं. जिभेला वळण लागलं की ओळ आपोआप चालायला लागते. हे टाळायचं असेल तर ओळी पडद्यावर दाखवा आणि चिन्हं फळ्यावर काढायला लावा. शिवाय युरोपातले बहुतेक विद्यार्थी सवयीने आघातावर वाचतात. मात्रा गेल्या की उरतो तो टाळ्यांचा ठेका. तो सुधारू नका.

दुपारी मुखवट्यांची कार्यशाळा, दोन तासांची. चेहऱ्याला व्हॅसलीन (भुवयांना जास्त, नाहीतर काढताना केस येतात), त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांचे तीन थर, वीसेक मिनिटं गप्प बसणं, साचा सोडवणं. मग आतून कागद आणि खळ. हे वाळायला किमान एक दिवस लागतो, म्हणून ओल्यावरच रंग लावायला सांगा. संध्याकाळपर्यंत हनुवटी लोंबायला लागते. मूळ मुद्दा वेगळाच आहे, पण तो काढायचा नाही: नेपल्सच्या संग्रहालयातल्या, प्रोनोमॉसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक भांड्यावरच्या चित्रात नटांच्या हातात दिसतात ते मुखवटे केसांसकट अख्खं डोकं झाकणारे आहेत. नुसत्या चेहऱ्याचा साचा घेतला की मुखवटा नाकावर टेकतो आणि बोलताना वर-खाली होतो. तोंडाचं भोक लहान पडलं की व्यंजनं आतच राहतात. नटाला स्वतःचा आवाज दणदणीत ऐकू येतो, समोरच्याला फक्त स्वर. हे कळायला एक ओळ पुरते. तेव्हा मुखवटा घालून बोलायचं नाही, फोटो काढायचा.

शेजारच्या खोलीत कोरस. शोकांतिकेचा कोरस पंधरा जणांचा; तुम्ही चाळीस उतरवा. ‘एक्सागोगे’च्या उरलेल्या भागात कोरसच्या गाण्याची एकही ओळ नाही, त्यामुळे ही कार्यशाळा सगळ्यात निर्धोक. गोल फिरा, श्वास घ्या, हात वर करा.

परिसंवाद ग्रीसमध्ये असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाची सहल. पंचावन्न रांगा, मध्ये साधारण वीस मीटर व्यासाचं वर्तुळ. आवाज वरपर्यंत पोचतो का ते बघायला प्रत्येक जण मध्यभागी नाणं टाकील, मग काडी ओढील, मग शेवटच्या रांगेकडे बघून हात हलवील. नाटकाची ओळ कुणी टाकणार नाही, निश्चिंत असा.

वाचनाला जागाच दिली नाही असा ठपका नको, म्हणून समारोपाच्या दिवशी 5 वाजून 10 मिनिटांनी पाच मिनिटं ठेवा. विमानतळाची बस सव्वापाचला. तरीही एखादी विद्यार्थिनी व्हरांड्यात उभी राहून दूताचं भाषण म्हणायला लागलीच, वाचलेला एकटा इजिप्ती सैनिक, रथांची चाकं फिरेनाशी झालेली, ‘परत घरी पळा’ म्हणून कुणीतरी ओरडतोय, तर हळूच दार लावून घ्या. आत ‘सादरीकरणाच्या शक्यता’ या विषयावर प्रश्नोत्तरं चालू असतील आणि तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो.