चार जीबीचं गाजर आणि दीडशे रुपयांची वायर

गेल्या गुरुवारी रात्री साडेदहाला कराडहून दाजींचा फोन आला. दाजी एरवी सणावारालाच फोन करतात, त्यामुळे आधी पोटात गोळा आला. तर म्हणे, "पोराला बारा हजार देऊ का? कॉम्प्युटर नवा होतोय म्हणतो. मोबाइलवर सगळं लिहून आलंय त्याच्या."

ते 'सगळं लिहून आलेलं' भाच्याकडून मागवून घेतलं. 'घरच्या जुन्या पीसीचा गेमिंग पीसी करा, फक्त १२ हजारांत! दुकानदार हे सांगणार नाही!!' खाली सात मुद्दे आणि प्रत्येकापुढे आगीचं चित्र. दुसऱ्या दिवशी हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी ऑफिसच्याही. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच कुठे नाही.

मुद्दे थोडक्यात असे. एक: जुना प्रोसेसर (मशिनचा मेंदू) काढा, कुठलाही आय७ (इंटेलचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर) बसवा. दोन: ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा भाग) घेताना फक्त जीबी, म्हणजे कार्डावरची मेमरी, बघा, ४ जीबीचं जीटी ७३० आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० एकच, दुसऱ्यात नुसते नावाचे पैसे. तीन: जुनं आरएक्स ५८० (हेही ग्राफिक्स कार्डच) मिळालं तर सोडू नका, एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा) बदलायची गरज नाही, हार्ड डिस्कच्या वायरीला दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर लावा. चार: एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सेटिंगची एक खिडकी) जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा. पाच: विंडोज ११ 'बायपास' करून, म्हणजे जुन्या मशिनला आडवी येणारी अट चुकवून, टाका. सहा: एसएसडी (हार्ड डिस्कची वेगवान बहीण) घ्या. सात: रॅमची आणखी एक पट्टी घाला.

भाच्याचं मशिन दाजींनी २०१३च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेलं. आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), ४ जीबीची एकच पट्टी, हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस. त्या काळात घराघरांत असली मशिनं गेली आणि आज त्यांच्यापुढे बसलेली पोरं व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतात. फॉरवर्डचं गिऱ्हाईक तेच.

मी क्रमाने जाणार नाही. तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांत पैसे जातील, या एकात मशिन जाईल.

भाच्याला म्हटलं, कॅबिनेट उघड आणि एसएमपीएसच्या अंगावरच्या स्टिकरचा फोटो पाठव. वर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक तक्ता, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. बाकीचे वॉट ज्या व्होल्टेजवर वाटून दाखवलेत तिथे आजच्या मशिनचं फारसं काम नसतं. म्हणजे पोराकडे ४५० वॉट नाहीत, १६८ आहेत, तेही स्टिकर खरं बोलत असेल तर. आणि आरएक्स ५८० या एकट्या कार्डाची भूक १८५ वॉटची.

आता तो दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. उरलेले शंभराच्या वर वॉट वेगळ्या वायरीने यायचे असतात, आणि त्यासाठी कार्डावर आठ पिनांची जागा असते. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा नावाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. साडेचार अँपिअर, ५४ वॉट, संपलं. ५४च्या जागेतून शंभराच्या वर ओढायचं आणि वर 'दुकानदार सांगणार नाही'! नाहीच सांगणार, त्याला स्वतःचं दुकान चालवायचंय.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमच्याच इमारतीतल्या एका मुलाने तीन वर्षांपूर्वी हा उद्योग केला होता. आठवडाभर मस्त चाललं, मग एका रात्री खेळता खेळता जळका वास आणि स्क्रीन काळी. मी सकाळी उघडून पाहिलं तर कन्व्हर्टरचं प्लास्टिक साटाच्या तोंडावर मेणासारखं ओघळून बसलेलं. त्याच वायरीवर एसएसडी होती, तीही गेली, आणि तीत त्याच्या बहिणीचा प्रोजेक्ट होता. तो वितळलेला तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. भाच्याला त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "मामा, पण आठवडाभर चाललं ना?"

शिवाय आरएक्स ५८० या नावाने दोन वेगळी कार्डं बाजारात फिरतात. एकात २३०४ शेडर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग), दुसऱ्यात २०४८. डब्यावरचं नाव जवळपास तेच. वापरलेली बरीचशी कार्डं क्रिप्टोच्या खाणीत दिवसरात्र राबून आलेली. घेऊच नये असं नाही, पण चांगल्या एसएमपीएसशिवाय तर नाहीच नाही.

आता दुसरा मुद्दा, ज्याने मी खरा चिडलो, कारण हा खोटेपणा दुकानांतही चालतो. 'फक्त जीबी बघा.'

कार्डावरची मेमरी म्हणजे गच्चीवरची टाकी. टाकी चार हजार लिटरची बसवली आणि खाली नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. नळाची जाडी म्हणजे मेमरी बँडविड्थ, सेकंदाला किती गीगाबाइट डेटा आत-बाहेर होतो तो आकडा. तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधीच नसतो. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या साइटवर जीटी ७३०चा जो तक्ता दिलाय त्यात या एकाच नावाखाली तीन कार्डं आहेत. पहिलं ९६ कोअरचं (कोअर म्हणजे हिशेब करणारा भाग), २८.८ जीबी प्रति सेकंद. दुसरं ३८४ कोअरचं, पण डीडीआर३ या संथ मेमरीचं, १४.४. तिसरं ३८४ कोअर आणि जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी, ४०. आपल्याकडे '४ जीबी' म्हणून छातीठोकपणे विकलं जातं ते साधारणपणे डीडीआर३वालं. जीटीएक्स १६५०मध्ये ८९६ कोअर, तेही नंतरच्या पिढीचे, आणि बँडविड्थ १२८. दोन्ही ४ जीबी. चौदा आणि एकशे अठ्ठावीस एकच, असं म्हणणाऱ्याने एकदा नळाखाली बादली लावून बघावी.

एवढ्यानेही पटत नसेल तर भाच्याच्या लाडक्या जीटीए ५कडेच जाऊ. (२०१५ला पीसीवर आलेली जुनी आवृत्ती म्हणतोय मी. मार्च २०२५मधली एन्हान्स्ड आवृत्ती वेगळं प्रकरण आहे.) कंपनीने त्या गेमसाठी शिफारस केलेलं एनव्हिडियाचं कार्ड जीटीएक्स ६६०, मेमरी फक्त २ जीबी. म्हणजे फॉरवर्डच्या हिशेबाने जीटी ७३०च्या निम्मं. बँडविड्थ मात्र १४४, बरोबर दहापट. इतकंच कशाला, गेम कसाबसा चालण्यासाठी कंपनीने जे किमान कार्ड सांगितलंय ते ९८०० जीटी, १ जीबीचं, २००८ सालचं. त्याचीही बँडविड्थ ५७.६. २००८चं एक जीबीचं कार्ड या बाबतीत तुमच्या चार जीबीवाल्याच्या चौपट आहे, आणि तुम्ही पोरांना सांगता, फक्त जीबी बघा!

बरं, जीबीला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणणार नाही. नळ जाड असेल तर टाकीचा आकार महत्त्वाचा ठरतो. नव्या गेममध्ये १६५०चे ४ जीबी आताच अपुरे पडतात, सेटिंग खाली आणावी लागते. तेवढं अर्धसत्य फॉरवर्डला दिलं. आणि जीटी ७३० हे वाईट कार्डही नाही. बोर्डावरचं डिस्प्ले पोर्ट गेलंय, हिशेबाचं काम चालवायचंय, तर जरूर घ्या. गेमिंगच्या नावाने घेऊ नका. कराडातल्या दुकानात भाच्याला त्याचे साडेचार हजार सांगितले होते. वापरलेलं चालू स्थितीतलं १६५० त्याहून फार लांब नाही.

वापरलेलं घेताना एक काळजी. जुन्या फुटकळ चिपवर १०५० टीआय या चांगल्या कार्डाचं बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्रॅम) भरून विकायचा धंदा जोरात झाला होता आणि अजून तो माल फिरतोय. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१८पासून ते असल्या एनव्हिडिया कार्डाच्या नावाआधी सरळ 'फेक' लिहून दाखवतं. विकणारा ते चालवून दाखवायला कां कूं करत असेल तर चहा पिऊन परत या.

चौथा मुद्दा वाचून मी हसलो आणि मग हसू गेलं. एमएसकॉन्फिगमध्ये बूट, मग ॲडव्हान्स्ड, तिथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'चा चौकोन. तो मुळात रिकामा असतो आणि रिकामा असताना विंडोज सगळे कोअर वापरतं. खूण केली की ती मर्यादा होते, इतकेच वापर, याहून जास्त नको. प्रोग्रॅम तपासणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे ती. गंमत पुढे आहे. भाच्याच्या आय३मध्ये दोन कोअर, चार थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा, विंडोज याच मोजतं). त्याने फॉरवर्ड वाचून आधीच तिथे ४ निवडून ठेवले होते. फरक शून्य, पण "मामा, जरा फास्ट वाटतंय." आता पहिल्या मुद्द्याप्रमाणे त्याने आठ थ्रेडचा आय७ बसवला असता तर ती खूण तशीच राहून विंडोजने आठातले चारच वापरले असते. स्वतःच्याच पहिल्या सल्ल्याचे पाय चौथ्याने कापणारा हा तज्ज्ञ.

पहिला मुद्दा, 'कुठलाही आय७'. कुठलाही कसा बसेल? या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, ११५५चं. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. आय७-४७७० चौथ्या पिढीचा, त्याचं सॉकेट ११५०, बसणारच नाही, आणि जोर लावलात तर सॉकेटच्या पिना वाकून बोर्ड भंगारात. सॉकेटचा आकडा जुळला म्हणजे झालं असंही नाही. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीला इंटेलने ११५१ हाच आकडा दिला, पण सहाव्या-सातव्याच्या बोर्डांवर आठव्याचा प्रोसेसर चालत नाही. यात कित्येक शहाण्यांचे पैसे बुडालेत. आणि आय७ म्हणजे वेगवान हा समज तर कधी मरणार देव जाणे. आय७-३७७० आला २०१२ला, आय३-१२१०० आला २०२२ला. दोघांतही चार कोअर, आठ थ्रेड. तरी धाकट्या आकड्याचा आय३ त्या आय७ला कुठल्या कुठे मागे टाकतो.

एक मात्र कबूल करावं लागतं, जिवावर येतंय तरी. या विशिष्ट बोर्डावर आय७-३७७० बसतो आणि दोन कोअरवरून चारवर गेल्याचा फरक खेळताना जाणवतो, विशेषतः व्हॅलोरंटमध्ये, जिथे कार्डापेक्षा प्रोसेसरचं काम जास्त. पण आय७चा हट्ट कशाला? जीटीए ५च्या शिफारशीत इंटेलचा जो प्रोसेसर लिहिलाय तो आय५-३४७०, याच सॉकेटचा. नावात सात नसल्यामुळे तो आय७हून बराच स्वस्तात मिळतो.

पाचव्यावर फार लिहीत नाही. तिसऱ्या पिढीवर विंडोज ११ जबरदस्तीने चढवता येतं, हे खरं. पण विंडोज ११वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चिटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (नव्या मशिनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) मागतं, नसेल तर 'व्हॅन ९००१' असा एरर दाखवून गेम उघडतच नाही. म्हणजे ज्या गेमसाठी हा सगळा खटाटोप तोच बंद. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे मला माहीत आहे. म्हणूनच या मशिनवर बँकेचं काही करू नका असं दाजींना वेगळं सांगितलंय.

सहावा आणि सातवा मुद्दा बरोबर. एसएसडी लावल्यावर हार्ड डिस्कवाल्याला मशिन बदलल्यासारखं वाटतं, एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) त्याने वाढत नाही तरी. ४ जीबीची दुसरी पट्टी घातली की मेमरी दोन चॅनेलने, म्हणजे एकाऐवजी दोन वाटांनी, चालते आणि ८ जीबीही होते.

मग बारा हजारांत काय? आधी एसएमपीएस, नव्या खोक्यातला, १२ व्होल्टचा रकाना वाचून. मग एसएसडी आणि पट्टी. मग आय५-३४७०. आणि उरलेल्यात वापरलेलं १६५०, वेगळी पिन न मागणारं. काही कंपन्यांच्या १६५०ला सहा पिनांची जागा असते, ते नको. नाही जमलं तर १०५० टीआय, तेही ७५ वॉटचंच. आरएक्स ६४०० हे कार्ड कुणी गळ्यात मारायला आलं तर या बोर्डासाठी नको. त्याला फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा), त्या जुन्या खाचेवर आणखी अरुंद होतात.

दाजींना सांगितलंय, पैसे पोराच्या हातात देऊ नका. एसएमपीएस मी रविवारी येताना आणतो. आणि बाळा, तू हे वाचत असशील तर तो चौकोन आधी रिकामा कर, आणि मी येईपर्यंत ती वायर कशालाही लावू नकोस.