बादली, टाकी आणि मोर्शीकडचे भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा राग आला. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली, तर निम्मी पटली. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या मळ्यातल्या घराशेजारच्या पोहण्याच्या टाकीचं पाणी रोज इंचभर उतरत होतं. ठेका घेतलेला गवंडी म्हणाला, बूड फुटलंय, टाकी रिकामी करा, फरशी उखडा, नव्यानं वॉटरप्रूफिंग करू. मी त्याला थांबवलं, टाकीत बादली ठेवून माप घेतलं (बादलीतलं पाणी फक्त उडून जातं, टाकीतलं उडतंही आणि गळतंही, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे गळती), आणि गळती बुडात नव्हे तर फिल्टरच्या व्हॉल्व्हमध्ये निघाली. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, बादली म्हणजे शाळेतला प्रयोग. पंचेचाळीस डिग्रीत बादली तापते, तिच्यातलं पाणी जास्त उडते, अन् खरी गळती त्यात लपते. काळ्या जमिनीत टाकी तडकतेच. माझ्याच टाकीचं पाणी लाइटाच्या काठापर्यंत उतरते अन् थांबते, म्हणजे भिंत तिथंच फुटली. मोजत बसलं तर टँकरवाला मोठा होते. अन् वरूड तालुक्यात ही मिजास पाहिजेच कशाले?"

आधी बादली. तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि चूक माझी आहे. बादली "टाकीजवळ ठेवा" असं मी लिहून गेले. काठावरच्या तापलेल्या कडप्प्यावर ठेवलेली बादली म्हणजे चुलीवरचं आधणच. ती दुपारपर्यंत वाटेल तो आकडा दाखवेल. बादली ठेवायची ती टाकीच्या पायरीवर, पाण्यात. आत एक दगड टाकायचा म्हणजे ती तरंगत नाही. मग टाकीचंच पाणी भरायचं, बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकं. चहूबाजूंनी टाकीचं पाणी असलं की बादलीतलं पाणी फारसं वेगळं तापत नाही. आतून एक खूण, बाहेरून एक खूण, आणि चोवीस तास कोणी हात लावायचा नाही. पोट्ट्यांचं पोहणं बंद, पाणी भरणारा फ्लोट बंद. त्या दिवशी पाऊस आला तर माप रद्द.

उलट तुम्ही सांगता त्याच्या विरुद्ध चूक होते. बादलीचा काठ वारा अडवतो, त्यामुळे बादलीतलं पाणी टाकीपेक्षा किंचित कमीच उडतं. म्हणजे नसलेली गळती थोडी दिसू शकते, असलेली लपत नाही. म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा, गवंड्याच्या भाषेत एका सुताचा फरक मी धरतच नाही. त्याच्या वर गेला की मग कान टवकारायचे.

पहिल्या दिवशी माझं माप काय आलं माहीत आहे? बादलीतलं पाणी टाकीपेक्षा जास्त उतरलं! तासभर डोकं खाजवलं. मग पायरीवर ओल्या पावलांचे ठसे दिसले. आमच्या कुत्र्याला टाकीपेक्षा बादलीतून पिणं सोयीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बांधलं. पंप नेहमीसारखा आठ तास चालवला. टाकी 24 मिलिमीटर उतरली, बादली 11. ह्या अकराचं नवल आपल्याकडे कोणाला वाटू नये. कूलरची टाकी दिवसातून किती वेळा भरावी लागते ते घरोघरी ठाऊक आहे. राहिले 13. आमची टाकी 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, म्हणजे एक मिलिमीटर पाणी म्हणजे 32 लिटर. तेराला 32 नं गुणलं की 416 लिटर. तिसऱ्या दिवशी पंप पूर्ण बंद ठेवून तेच माप घेतलं, तर फरक जेमतेम 2.

सगळी गंमत ह्या दोन मापांत आहे, आणि मागच्या लेखात मी ती एका ओळीत उरकली, हेही माझंच चुकलं. पंप चालू असताना गळती वाढते, तर दोष पंपाच्या पुढच्या भागात असतो: फिल्टर, पाणी टाकीत परत आणणारा परतीचा पाइप, जिथं पाणी दाबाखाली असतं. पंप बंद असताना वाढते, तर टाकीतून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपात. कारण पंप चालू असताना त्या चिरेतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी हवा आत ओढली जाते. अशा वेळी परतीच्या तोंडातून बुडबुडे येताना दिसतात. आणि दोन्ही वेळा फरक सारखाच आला, तर मग टाकीचं अंग, दिवे, जोड यांच्याकडे बघायचं. बूड फोडण्याचा विचार ह्या तिसऱ्या खात्यात येतो, तोही शेवटी.

आमचा दोष पहिल्या खात्यात होता. गवंडी तरीही म्हणत होता, "बाई, पाणी काय वर उडून राह्यलं? खालीच जाऊन राह्यलं." पाणी खालीही जात नव्हतं, ते आडवं जात होतं. फिल्टरच्या डोक्यावर जो दांडा असलेला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं. ते एका जागी दबून चपटं झालं होतं. दांडा "फिल्टर" वर असला तरी थोडं पाणी बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर धुतलेलं पाणी बाहेर सोडायच्या, पाइपातून निसटत होतं. त्या पाइपाचं तोंड संत्र्याच्या चौथ्या ओळीत, गवतात. करंगळीहून बारीक धार, पण आठ तास. काही शे रुपयांचं रबर बदललं आणि धार थांबली.

खरं तर त्या संत्र्यानं आधीच सांगितलं होतं. तोंडाजवळच्या झाडाच्या बुंध्याला डिंक आला होता, साल काळपट ओली पडलेली. आमच्या ह्यांनी डिंक्या रोग म्हणून खरडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, आळं मोकळं केलं, आणि तरी महिन्याभरात पुन्हा डिंक. बुंध्याशी पाणी साचल्याशिवाय डिंक्या असा हटून बसत नाही, हे वरुडात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. भर उन्हाळ्यात त्या एकाच झाडाशी ओल कुठून येते, हे मात्र आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

आता तुमची टाकी. प्रतिक्रियेत तुम्ही रागाच्या भरात बराच तपास करून ठेवलाय. 30 फूट बाय 15 फूट, रोज दोन इंच, आठवड्याला पाच हजार लिटरचे तीन टँकर. हिशेब जुळतो, तुमच्या टाकीत दोन इंच म्हणजे साधारण 2,100 लिटर. आमच्यासारखंच सेंटीमीटरभर उन्हात जातं असं धरलं, तरी गळती दिवसाला साडेसोळाशे लिटरच्या आसपास राहते. म्हणजे गळती आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो जागेचा.

पाणी लाइटाच्या वरच्या काठाशी "थांबते" म्हणता. भाऊ, मे महिन्यात कोणतंच पाणी थांबत नाही. तुमच्या टाकीचं पाणी तिथं पोचल्यावरही रोज बोटभर उतरतच असणार, फक्त दोन इंचांच्या मानानं ते डोळ्याला थांबल्यासारखं दिसतं. तिथून खाली बादलीइतकंच उतरत असेल, तर तुमचं बूड ठणठणीत आहे, आणि बूड फोडायला सांगणाऱ्याला तुम्ही पाणी पाजून परत पाठवू शकता. बादलीपेक्षा जास्त उतरत असेल, तर गळत्या दोन आहेत. हा फरक डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तर ती शाळेतली बादली.

आणि लाइटापाशीच का? भिंत नेमकी तिथंच तडकायला कारण लागतं. पाण्याखालच्या दिव्याच्या मागं भिंतीत एक खोबण असते, तिच्यातून वायरीचा पाइप वर काठापर्यंत गेलेला असतो. त्या पाइपात पाणी भरलेलं असतं, आणि त्याचा एखादा जोड मातीत निखळलेला असला की टाकी तिथून गळते. पाणी त्या भोकाच्या खाली गेलं की गळती संपते. अगदी तुम्ही वर्णन केलंय तसंच.

तपासायचं कसं, तर आधी दिव्याचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडा, बटणावर चिकटपट्टी लावा, आणि वायरमनकडून वीज बंद असल्याची खात्री करून घ्या. त्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवू नका. टाकी दिव्याच्या वर भरा. पंप बंद करून तासभर पाणी निवांत होऊ द्या. जनावरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज घ्या, सुई काढा, तिच्यात जिलेबीचा रंग नाहीतर विहिरीत टाकतात ते परमॅंगनेट कालवून भरा. दिवा चौकटीतून सैल करून मागच्या वायरीच्या भोकाशी थेंबभर सोडा, अगदी हळू. गळती नसेल तर रंग तिथंच धुरासारखा रेंगाळतो. असेल तर त्याचा दोरा होतो आणि दोरा भोकात शिरतो. एकदा पाहिलं की विसरत नाही. मग वायरीभोवती पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरायची.

परतीच्या पाइपांची तोंडंही बहुतेक टाक्यांत त्याच उंचीच्या आसपास असतात, तेव्हा तिथंही रंग सोडा. पाइपांचा दाब तपासायची वेळ आलीच तर पाण्यानं तपासा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून पीव्हीसीत हवा भरायचा सल्ला मलाही मिळाला होता. हवेनं फुटलेला पाइप सुऱ्यासारखे तुकडे उडवतो.

काळ्या जमिनीबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं, आणि मी ते हलकं घेतलं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वावरातल्या भेगांत हात जातो. टाकीखाली मुरमाचा थर नीट दिला नसेल तर टाकी तडकू शकते. पण उलटही घडतं. पाइपाच्या गळतीनं टाकीच्या एकाच बाजूची माती ओली राहते, ती फुगते, दुसरी कोरडी असते, आणि चांगली टाकी त्या ओढाताणीत तडकते. तेव्हा लाइटाची गळती तुम्ही वर्षभर तशीच ठेवली तर तुमचं भाकीत खरं होईल.

आणि रिकामी करायचीच असेल तर श्रावण-भाद्रपदात करू नका. चिंब जमिनीत रिकामी टाकी म्हणजे होडी. खालच्या पाण्यानं ती उचलली जाते आणि फुगलेली माती भिंती आत ढकलते. भर मे मध्येही घाई नको, उघड्या उन्हात फरश्या पोकळ होऊन सुटतात.

राहिली मिजास. वरूड तालुका भूजलाच्या सरकारी हिशेबात अतिशोषित म्हणून नोंदलेला आहे, आणि आमच्या दोन बोअर कोरड्या गेल्यात. टाकी बांधली ती मळ्यात मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ झाली त्या वर्षी त्या पाहुण्यांवर घर चाललं. हे समर्थन म्हणून सांगत नाही. तुमचा प्रश्न मला टोचतो आणि टोचू दे. फक्त तोच प्रश्न दोन इंच पाणी घालवणाऱ्या टाकीचा मालक विचारतो तेव्हा जरा हसू येतं, एवढं माफ करा. माझ्या 416 लिटरमध्ये दोन-चार मोठ्या झाडांची उन्हाळ्यातली रोजची तहान भागली असती. तुमच्या हिशेबात किती, ते तुम्हीच मांडा.

कारागिरांना मी नावं ठेवली, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. आमच्या गवंड्याचं काम उत्तम आहे, ती फरशी अजून शाबूत आहे. न मोजता फोडायला निघाला, तेवढीच तक्रार.

परवापासून दोन दिवस काढा. एक दिवस पंप चालू, एक दिवस बंद, पाणी लाइटाच्या वर असताना. मग पाणी लाइटाच्या खाली गेल्यावर आणखी एक दिवस. सहा आकडे मला इथंच लिहून पाठवा, मिलिमीटरमध्ये नाहीतर सुतात, चालेल. आमचा कालचा आकडा बादली 10, टाकी 12. आणि घरी कुत्रं असेल तर बांधून ठेवा.