नाव सांगितल्यानं कडवंची पळून जात नाही

माझी मावशी सोलापूर जिल्ह्यात मोहोळकडं असते. पाऊस पडून काही दिवस झाले की कुठल्या बांधावर कडवंची या रानभाजीचा वेल लागला असेल, हे ती उंबऱ्यात बसून सांगते. परवा कॉलेजची दोन पोरं तिच्याकडं गेली होती, रानभाज्या आणि औषधी झाडं कुठं कुठं उरलीत ते नकाशावर टाकायला. मावशीनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. "नाव सांगितलं की जमीन जातीय म्हणं," असं म्हणून तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

मेसेज "सावधान"नं सुरू होतो. नकाशात नोंद झाली की सातबाऱ्यावर शेरा पडतो, मग भाजी तोडायला परवाना लागतो, परदेशी कंपन्या माहितीचं पेटंट घेतात, आणि रानातलं सगळंच औषधी असताना नोंद हवीच कशाला? शेवटी "दहा जणांना पाठवा". मला तो तीन ग्रुपवर आलाय.

सातबाऱ्याची भीती आभाळातून पडलेली नाही, हे कबूल करतो. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात मोहोळ, माढा, करमाळ्याची खासगी रानंही आली आणि लोकांना खूप वर्षं त्याचा जाच झाला. पुढं ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. पण ती शासनाची अधिसूचना होती, वन्यजीव कायद्याखालची. पोरं ज्यासाठी आली ती लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, गावाची जैवविविधता समिती करते, आणि सातबाऱ्याला हात लावायचा तिला अधिकार नाही.

परवान्याचं तर सरळ खोटं आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याचं कलम 7 काढून बघा. धंद्यासाठी वनस्पती नेणाऱ्यानं राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं, पण त्यातून स्थानिक लोक, शेतकरी, वैदू आणि हकीम वगळलेत. उलट बाहेरच्या व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायची मुभा कलम 41 गावच्या समितीला देतं.

आता पेटंट. इथं मेसेजवाल्यानं गाडं पार उलटं जुंपलंय. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते लढवलं आणि 1997 मध्ये रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? आपल्या आज्या शेकडो वर्षं जखमेवर हळद चेपत होत्या, एवढं सांगून भागलं नाही. तिथल्या तेव्हाच्या कायद्याला परदेशातल्या तोंडी माहितीची किंमत नव्हती, छापील पुरावा लागायचा. जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेख पुढं ठेवला तेव्हा निकाल लागला. हळद ग्रंथात होती म्हणून वाचली. मावशीची माहिती कुठल्या ग्रंथात आहे? कडवंचीला जमिनीत कंद असतो, तो राहिला तर पुढच्या पावसाला वेल परत फुटतो, म्हणून ती फळं खुडते पण वेल उपटत नाही. जेसीबीनं बांध फोडला की कंदच जातो. तिच्या रानाच्या वरच्या अंगाला असे दोन बांध गेले, आणि तिथं कडवंची होती हे आता तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. गप्प बसून कोणाचं भलं झालं?

"सगळंच औषधी" म्हणणाऱ्यानं आधी गुंजेच्या विषारी बिया आठवाव्यात. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल अपायकारक ठरू शकते, असं आयुष मंत्रालयानं 2022 मध्ये सांगितलं होतं. कुठली वेल कुठली, हे लिहून ठेवायला नको?

बाकी या नोंदवह्या सगळ्या नीट झाल्यात असं मी म्हणणार नाही. हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर कित्येक ठिकाणी त्या घाईघाईत उरकल्या. दुर्मिळ कंदाची नेमकी जागा नेटवर उघडी टाकणं म्हणजे तर चोराला पत्ता देणं. पोरांना मी तेच बजावलं: नेमक्या जागा गावाकडं राहू द्या, बाहेर फक्त गावाचं नाव जाऊ द्या.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडाचंच नाव लिहितेत का माझं बी?" म्हटलं, जाणकारांची आणि वैदूंची नावं लिहायला त्यात वेगळा तक्ता असतो. जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बोलीव मग पोरांस्नी. पण सकाळच्या पारी. उन्हाचं मी हिंडणार नाही."