काळ्या रानातली एक्सेल

सोलापुरात पाऊसच पडत नाही, अशी बाहेरगावच्या लोकांची समजूत असते. ती निम्मी खरी आहे. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर, आणि थेट आपल्या वस्तीच्या रस्त्यावर पडतो. मंगळवेढ्याकडची, मोहोळ-अक्कलकोटकडची खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा त्या भेगेत पडलेला पाना मिस्त्रीला परत मिळत नाही. पाऊस झाला की हीच माती फुगते आणि पाणंदीचा रस्ता फक्त तलाठ्याच्या नकाशात उरतो. चारचाकी डांबरीवर लावावी लागते. पुढचे दोन-तीन किलोमीटर कशाने जायचं, या प्रश्नाचं जिल्ह्याने बऱ्याच वर्षांपूर्वी एकमताने उत्तर दिलंय: मोपेड. आधी लूना होती, मग एम-एटी आली, आणि आता जिकडेतिकडे टीव्हीएसची एक्सेल.

शहाणे लोक म्हणतात, चिखलात ताकदीची गाडी पाहिजे. माझं मत उलटं आहे. चिखलात गाडीची ताकद बघू नये, वजन बघावं. दोनशे किलोच्या घरातली बुलेट काळ्या रानात घातली की जितकं एक्सिलेटर पिळाल तितकं मागचं चाक खाली उकरत जातं. शेवटी सायलेन्सर मातीला टेकतो आणि मालक ट्रॅक्टर शोधायला निघतो. एक्सेल नव्वद किलोच्या आतबाहेरची. तीही रुतते, पण दोन माणसं मागचं कॅरियर धरून ती उचलून बांधावर ठेवू शकतात. म्हणून घेताना एका लिटरला किती किलोमीटर जाते हे जरूर विचारावं, पण किती पावलं उचलून नेता येते याचाही अंदाज घ्यावा.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं नाही. कॅनडात बोम्बार्डियरने १९५९ साली स्की-डू नावाची बर्फावर चालणारी गाडी काढली. पुढे पाट्या, मागे रबरी पट्टा. डोंगरातल्या कोऱ्या बर्फावर घसरायला जाणारे हौशी लोक अशा स्नोमोबाईल घेऊन वर चढतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या. प्लग ओला होणं, जास्तीचा ड्राइव्ह बेल्ट जवळ बाळगणं आणि दोनशे किलोच्या पुढची गाडी रुतली की फावड्याने तासभर उकरणं, हा त्यांचा नित्यक्रम. फरक एवढाच की ते हे सगळं सुट्टीत, मौज म्हणून, पदरचे पैसे घालून करतात. आमच्याकडे म्हशीची धार काढायची असते.

आता खरेदी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला. नवी एक्सेल १०० घेतली तर ती ९९.७ सीसीची, फोर-स्ट्रोक, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली. गाडी चांगलीच आहे, पण ती बंद पडली की फुंकर मारून चालू होत नाही. जुनी टू-स्ट्रोक, सत्तर सीसीची, सेकंडहँडच मिळते. ती विकणाऱ्यांची भाषा जिल्हाभर एकच आहे. गाडी नेहमी मास्तरांची असते. ‘शाळा ते घर, घर ते शाळा, बास. इंजिनला हात लावलेला नाही ओ मालक, कंपनी सील हाय!’ आता जिल्ह्यात विक्रीला आलेल्या एक्सेल मोजल्या, तर तेवढे मास्तर शिक्षण खात्याच्या पटावरही निघणार नाहीत.

गाडी बघायला गेल्यावर पहिलं काम म्हणजे बोलणं थांबवून इंजिनच्या ब्लॉकवर तळहात ठेवणं. गरम लागला तर आपण यायच्या आधीच गाडी दमवून चालू केलेली आहे. तिथेच चहा प्यावा, पुरा गार होऊ द्यावा आणि मग स्वतः किक मारावी. त्याआधी किक हाताने सावकाश दाबून बघायची. मध्ये अडून मग सुटली पाहिजे. न अडता खाली गेली तर पिस्टनची रिंग गेली, किंवा पिस्टन सरकतो ते बोअर गेलं, किंवा दोन्ही. गाडी चालू झाली की एक्सिलेटर एकदा पिळून सोडून द्या. सोडल्यावरही इंजिन ओरडतच राहिलं तर कुठूनतरी जादा हवा ओढतंय: कार्बोरेटरचं पॅकिंग नाहीतर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील. टू-स्ट्रोकला थोडा निळसर धूर असणारच, त्यावरून भांडू नये. पण गरम झाल्यावरही पांढऱ्या धुराचे लोट थांबत नसतील, तर क्लचच्या बाजूचं सील गेलेलं असतं आणि इंजिन स्वतःचंच गिअर ऑइल पीत असतं. त्यासाठी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

मीटरकडे बघूच नका. सोळा वर्षांत अठरा हजार किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरची केबल कुठल्या साली तुटली, एवढंच त्यावरून कळतं. त्यापेक्षा पायाखालचं रबर आणि ब्रेकचा लिव्हर किती झिजलाय ते बघा, तो खोटं बोलत नाही. कॅरियरखाली, सीटच्या बुडाशी चॅसीच्या जोडावर बोट फिरवा. या गाड्यांनी जन्मभर दुधाच्या किटल्या वाहिलेल्या असतात. चाळीस लिटरची एक भरलेली किटली म्हणजे नुसतं दूधच ४१ किलो, अशा दोन, वर स्वतः गवळी. त्या जोडाला तडा जातो, मग वेल्डिंग होतं, आणि वेल्डिंगवर गाडी विकायच्या आदल्या रात्री रंग बसतो. जिथे रंग सगळ्यात ताजा, तिथे संशय सगळ्यात जुना. शेवटी मागे दहा पावलं जाऊन उकिडवं बसून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का. नसतील तर गाडी कधीतरी बैलगाडीला भेटलेली आहे.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात ते कधीच होत नाही. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर ३५. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेटही हवी. चॅसी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. त्यासाठी आधी त्यावरचा चिखल खरवडावा लागतो, आणि विकणाऱ्याला ते आवडत नाही. ‘नावावर नंतर करू की, काय पळून चाललाय का मी?’ असं तो म्हणाला तर समजावं की गाडी त्याच्याही नावावर नाही.

आणि किमतीचा तिसरा हिस्सा खिशात राखून ठेवा. तो पहिल्या महिन्यातच मिस्त्रीकडे जातो. वाद घालण्यात अर्थ नाही.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न तेलाचा. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनला गिअर ऑइल सोडलं तर वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं: लिटरला २० मिली, म्हणजे चार लिटरच्या टाकीला ८० मिली. आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. आपल्याकडे यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, ‘गाडीला तेल जास्त घातलं की इंजिन टिकतं,’ आणि पन्नास-पन्नास मिली ओततो. त्याचा प्लग दर आठवड्याला काळा. सायलेन्सरमध्ये काजळी बसून भोक बुजतं, मग गाडी चढ चढत नाही आणि तो पंपवाल्याला शिव्या देतो. दुसरा पंथ काटकसरीचा. तो ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं तेल घालतो. त्याचा पिस्टन जाम होतो. या दोघांच्या जिवावर जिल्ह्यातली गॅरेजं चालतात. सायलेन्सर कमी श्वास घेतोय असं वाटलं, की आतली जाळी काढून काजळी खरवडायची. एक्झॉस्टच्या तोंडाशीही ती साचते. तिथे लाकडी पट्टीने खरवडावी, स्क्रूड्रायव्हरने पिस्टनवर चरे पडतात.

प्लग मात्र स्वतः काढायला शिकलंच पाहिजे, कारण तो बंद पडतो तिथे मिस्त्री नसतो. टोपी ओढा आणि प्लगच्या बुडाभोवतीची माती आधी जोरात फुंकून काढा. नाहीतर प्लग निघताच ती सरळ आत पडते आणि बोअरला चरे पाडते. मग २१ चा पाना. टोक चॉकलेटी असेल तर गाडी समाधानी आहे. काळं आणि ओलं असेल तर तेल जास्त, किंवा किका जास्त. पांढरंफटक असेल तर इंजिन तापतंय, हवा ओढतंय, आणि आता थांबणं बरं. पॉलिशपेपरने हलकेच घासा, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, पाना लावून वाकडा घुसवला तर आटे जातात आणि त्या दिवसापासून प्लग अधूनमधून गोळीसारखा बाहेर उडतो. जुना प्लग हाताने घट्ट झाल्यावर पाव फेऱ्याहून कमीच पुरे. गाडी ‘फ्लड’ झाली, म्हणजे आत पेट्रोल साचलं असेल तर पेट्रोल कॉक बंद, एक्सिलेटर पूर्ण उघडा, आठ-दहा किका. यात चप्पल घसरून नडगीला किक बसते. तो उपचाराचाच भाग समजावा.

आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, आणि आमचा जिल्हा पडला साखर कारखान्यांचा. म्हणजे आपल्याच रानातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं, ते पंपावर येतं आणि आपल्याच एक्सेलची रबरी नळी फुगवतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी ते पाणी बसतं, कार्बोरेटरमध्ये ऑइलचा चिकट थर उरतो आणि पेट्रोलचं बारीक भोक, म्हणजे जेट, बुजतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे आणखी लवकर होतं. गाडी ठेवून द्यायची असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. नळी वर्षाला बदला. ऊसबिल मिळालं की लगेच बदला, नंतर ते पैसे दिसत नाहीत.

एवढी तयारी झाली की चिखलात उतरायला हरकत नाही. पहिल्या पन्नास पावलांतच पुढच्या टायरला पुरणपोळीच्या कणकेसारखी माती चिकटते. टायर ती फिरवून मडगार्डात नेतं, तिथे ज्वारीची धसकटं तिला कवटाळतात आणि चाकाला आतून ब्रेक लागतो. माणूस काय करतो? एक्सिलेटर पिळतो. एक्सेलचा क्लच वेगावर आपोआप पकडणारा. चाक अडलं की क्लच शू आत नुसते घासत राहतात, जळका वास येतो, आणि पुढच्या वर्षी चढावर गाडीऐवजी फक्त आवाज पुढे जातो. वास आला की उतरायचंच. खुरपं घ्या आणि मडगार्डाच्या मागच्या बाजूने माती कापून काढा. पुढून ढकलली तर ती आणखी दाबली जाते. मग इंजिन चालू ठेवून, बारीक एक्सिलेटरवर, स्वतः बाजूने चालत जा. पुष्कळ जण पुढचं मडगार्डच काढून टाकतात किंवा खाली दोन वायसर घालून उचलून घेतात. चाक मोकळं राहतं, चिखल तोंडावर येतो. गळ्यात टॉवेल असतोच.

धुताना पाण्याचा जोरदार फवारा हबवर मारू नका, ग्रीस निघून जातं आणि बेअरिंग कोरडी पडतात. पण धुणं उद्यावरही टाकू नका. काळी माती वाळली की दगड होते. चेन पुसून, वाळवून, मग ९० नंबरचं ऑइल, आणि मध्यावर २० ते २५ मिलिमीटर ढिली. चिखलाच्या दिवसांत ती ताणून ठेवणारा हुशार माणूस फसतो. दातांवर माती बसली की चेन आपोआप आवळते आणि तुटते. चेन बदलायची तर दोन्ही चक्र्यांसकट बदला, झिजलेले दात नवी चेन दोन महिन्यांत खातात.

पंक्चरचा मानकरी वेडी बाभूळ. ट्यूब जोडून बसवली आणि शंभर पावलांवर पुन्हा हवा गेली, की मिस्त्रीला दोष देऊ नये. काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवलं की ते सापडतं, बहुधा बोटातच.

वजनाबद्दल सांगून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. युरियाचं पोतं ५० किलोचं ४५ झालं तेव्हा एक्सेलला दिलासा मिळायला हवा होता. लोकांनी वर पाच किलोची पेंड ठेवली.

सीटखाली एवढं असू द्या: एक जास्तीचा प्लग, २१ चा पाना, २.५०-१६ ची ट्यूब, एक्सिलेटरची केबल, चेन लॉक दोन (एक हमखास चिखलात पडतं), ८० मिली ऑइलची बाटली, पॉलिशपेपर आणि खुरपं. मिस्त्रीचा नंबर मोबाईलमध्ये ठेवू नका, वस्तीवर रेंज नसते. त्यापेक्षा वस्तीवरच्या कुणाला तरी मिस्त्रीगिरी शिकवा, आणि त्याच्या पेरणीला आपली पाभर आधी द्या.