शाईपेन उकळू नका, जाळू नका, रिमूव्हरमध्ये बुडवू नका

'जुनं शाईपेन बंद पडलंय? फेकू नका, हे सात घरगुती उपाय करा' असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्याकडे तो पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. मग तो आमच्या काकांपर्यंत पोचला. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, अजून सगळा पत्रव्यवहार शाईपेनानं करतात, आणि छापल्यासारखं नीट लिहिलेलं काही आलं की त्यावर विश्वास ठेवतात. त्यांनी त्यातला तिसरा उपाय केला. त्यामुळे आता हे लिहिणं भाग आहे.

मजकूर असा आहे. सुरुवातीला तत्त्व सांगितलंय: शाई वजनानं वरून खाली येते, ती येत नसेल तर वाटेत कचरा अडकलाय, तो काढा. मग उपाय. १) अख्खं पेन १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. २) निब लायटरवर धरून सुकलेली शाई जाळून टाका. ३) निब आणि खालची जीभ रात्रभर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवा. ४) निबच्या फटीतून ब्लेड फिरवा. ५) टोक काडेपेटीच्या बाजूवर घासा. ६) शाईत थोडं सॅनिटायझर घाला. ७) तरीही फिकट उमटलं तर ड्रॉइंग इंक भरा. आणि शेवटी हमखास असतं तसं: 'पेन कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.'

आधी ते तत्त्वच बघू, कारण बाकीचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. सरबताच्या नळीत पाणी ओढून वरचं तोंड बोटानं बंद केलं की पाणी खाली पडत नाही. बोट उचललं की पडतं. शाईपेनाची नळी ही वरून बंदच असते. म्हणजे जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर शाई जागची हलणार नाही. हा काही माझा शोध नाही. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला १२ फेब्रुवारी १८८४ रोजी अमेरिकेत २,९३,५४५ क्रमांकाचं पेटंट मिळालं, ते याच गोष्टीबद्दल आहे. निबखालच्या जिभेत, म्हणजे शाई निबपर्यंत नेणाऱ्या तुकड्यात, त्यानं एक पन्हळ ठेवली आणि पन्हळीच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा पाडल्या. चिरांमधून शाई केशाकर्षणानं, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या ओढीनं, खाली येते आणि पन्हळीतून हवा वर जाते. आजचं कुठलंही शाईपेन उघडा, ५० रुपयांचं असो नाहीतर ५० हजारांचं, तत्त्व हेच सापडेल. त्यामुळे 'शाई येत नाही' याचं कारण कचरा असू शकतं, तसंच हवा आत जात नाही, फट फार आवळली आहे, फट फार फाकली आहे, टोक कागदाला नीट टेकत नाही, यांपैकी काहीही असू शकतं. लक्षण न बघता औषध देणारा माणूस आपण वैद्य म्हणून घरात घेणार नाही. पेनाच्या बाबतीत मात्र हे सातही उपाय सगळ्यांना सरसकट दिलेत.

आता तिसरा उपाय. काकांचं पेन ॲक्रिलिकचं होतं, जीभ प्लॅस्टिकची. त्यांनी निब आणि जीभ न उपटता पेनाचा पुढचा भाग, म्हणजे अंगठा टेकतो ती पकड, नातीच्या रिमूव्हरच्या वाटीत उभा केला आणि झोपले. सकाळी त्यांनी पेन उचललं तेव्हा पकडीवर अंगठ्याचा ठसा उमटला. पुसता येईल असा नव्हे, मऊ लाखेवर उमटावा तसा खोल, रेषांसकट. चकाकी गेली होती, मूळचा गर्द निळा रंग पांढुरका झाला होता. मी भिंगातून जीभ पाहिली. तिच्या पोटाला पापुद्र्यासारख्या पातळ पट्ट्या असतात. जास्तीची शाई कागदावर न सांडता त्यांच्यामध्ये थांबून राहते. त्या पट्ट्या विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या. वॉटरमनच्या त्या चिरा बुजून तिथे एक गुळगुळीत ढेकूळ राहिलं होतं. आदल्या रात्रीपर्यंत जे पेन धुऊन चालू झालं असतं, ते आता कुठलाही कारागीर चालू करू शकत नाही.

हे का झालं ते समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बहुतेक रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. ॲसिटोन सेल्युलॉइड विरघळवतं, ॲक्रिलिक खातं, आणि बहुतेक आधुनिक पेनांची जीभ ज्या एबीएस प्लॅस्टिकची असते तेही विरघळवतं. 'ॲसिटोनविरहित' असं बाटलीवर लिहिलं असेल तर त्यात बहुधा एथिल ॲसिटेट असतं आणि तेही याच प्लॅस्टिकांवर चालून जातं. पण मला सगळ्यात संताप येतो तो याचा की याची गरजच नव्हती. शाळा-ऑफिसात वापरतो ती साधी निळी किंवा काळी शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग. पाणी उडून गेलं की रंग मागे राहतो, आणि पाणी परत दिलं की तो परत विरघळतो. जी गोष्ट नळाच्या पाण्यानं सुटते, तिच्यासाठी प्लॅस्टिक खाणारं द्रावण कशाला? खरं सांगायचं तर नुसत्या धातूच्या निबला ॲसिटोननं काही होत नाही. एवढंच काय ते त्या उपायात खरं आहे.

दुसरा उपाय त्याहून भयंकर आहे, आणि तो तिसऱ्याच्या शेजारी छापणाऱ्याला आपण काय करतोय हे कळलं नसावं. ॲसिटोनची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेते. एकाच मेजावर, एकाच बैठकीत, लायटर आणि रिमूव्हरची वाटी! घरोघरी जपून ठेवलेली आजोबांची रंगीत, मोत्यासारख्या चमकीची पेनं आहेत, त्यातली बरीच सेल्युलॉइडची आहेत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ज्याच्या सिनेमाच्या जुन्या रिळांना आगी लागायच्या तेच. ते ज्योतीजवळ धरायचं नसतं, संपला विषय. आणि निब उपटून वेगळी तापवली तरी सोन्याचं पाणी दिलेली निब काळवंडते, पोलादी निबचा ताव जातो आणि ती जरा दाबली की वाकते. शाई तर जळून फटीतच कडक होऊन बसते.

उकळत्या पाण्याबद्दल एक अर्धसत्य मान्य करतो, नाइलाजानं. एबोनाइटची जीभ, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, गरम पाण्यात मऊ होते, आणि जाणकार कारागीर ती तशी मऊ करून निबच्या पोटाला घट्ट बसवतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या हातघडणीच्या पेनांना अशा जिभा असतात. पण कारागीर फक्त निब आणि जीभ पाण्यात धरतो, काही क्षण, हातात धरून, बघत बघत. अख्खं पेन पातेल्यात टाकून तो चहा प्यायला जात नाही. उकळत्या पाण्यात एबोनाइटचं काळं अंग मातकट पिवळं पडतं, सेल्युलॉइड वाकतं, आतली रबरी नळी आणि सांध्यांचा गोंद निकामी होतो. कोमट पाणी म्हणजे ज्यात बोट सहज ठेवता येतं ते. तेवढं पुरतं.

ब्लेडचा उपाय आपल्या पिढीतल्या सगळ्यांनी शाळेत पाहिलाय, म्हणून तो खरा वाटतो. जाड कागदाचा तंतू फटीत अडकला असेल तर तो कधीकधी निघतोही. पण दाढीचं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, आणि निबची फट टोकाशी त्याहून कितीतरी बारीक असते. उजेडाकडे धरली तर जेमतेम दिसावी इतकी. ब्लेड घुसवलं की फटीच्या दोन बाजूंची निबची पाती फाकतात. आता केशाकर्षणाचा नियम असा की फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. फट टोकाशी रुंद झाली की शाई टोकाच्या अलीकडेच थांबते. म्हणजे शाई यावी म्हणून वाट रुंद केली आणि त्यामुळेच ती येईनाशी झाली! मग माणूस आणखी दाबून लिहितो, पाती आणखी फाकतात. ज्यांना फट साफ करायचीच आहे ते ०.०५ मिलिमीटरचा पितळी पत्रा वापरतात. पितळ मऊ असतं, निब ओरखडत नाही. तोही हलक्या हातानं एकदा सरकवायचा.

काडेपेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस आणि काचेची भुकटी असते. निबच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा एक मिलिमीटरहूनही लहान मणी असतो, तो काचेवर घासायचा? खरखरणारी निब गुळगुळीत करायला मायक्रॉनमध्ये मोजतात इतक्या बारीक कणांचे कागद मिळतात. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, फार गुळगुळीत केलेली निबच बऱ्याचदा पहिल्या फटकाऱ्याला उमटत नाही, कारण फटीच्या आतल्या कडा गोल झाल्या की शाई कागदाला शिवतच नाही.

सॅनिटायझरनं शाई पातळ होऊन कागदावर पसरते, ॲक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात. ड्रॉइंग इंकमध्ये काजळी आणि लाख असते, ती सुकली की पाण्याला दाद देत नाही. ती दौतीत बुडवून लिहायच्या टाकासाठी आहे, शाईपेनासाठी नाही. पुढे.

मग करायचं काय? आधी पेन नेमकं काय करतंय ते बघा. खूप दिवस पडून होतं आणि मुळीच उमटत नाही: शाई सुकली आहे. दोन-तीन ओळी झकास लिहितं आणि मग फिकं होत होत थांबतं: हवेची अडचण आहे. फिरवून शाई ओढायची नळी असेल तर ती काढून पाहा. शाई बऱ्याचदा मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते, जिभेपर्यंत आलेलीच नसते. टिचकी मारली की उतरते. नवं पेन, पहिल्या दिवसापासून अडखळतं: कारखान्यातल्या यंत्राचं तेल जिभेत राहिलंय, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा. पानाच्या खालच्या भागातच अडखळतं: तिथे तुमच्या हाताचा घाम आणि तेल लागलंय, हाताखाली कागद ठेवा. ड्रॉपरनं भरायचं पेन शाई संपत आली की ओकतं: हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाईला ढकलते. ते बिघडलेलं नाही, त्याला शाई हवी आहे.

सुकलेल्या पेनासाठी कोमट पाणी भरा, बाहेर टाका, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग फुलपात्रात निब बुडेल एवढंच पाणी घेऊन पेन त्यात रात्रभर उभं करा, टोपण काढून. काचेचा पेला घेतलात तर दिसेल: निबच्या फटीतून निळा धागा सुटतो, सरळ तळाशी जातो आणि तिथे पसरतो. धागा सुटतोय म्हणजे आत शाई आहे आणि ती निघतेय. सकाळी पाणी बदला. जुनं पेन असेल तर दोन-तीन रात्रीही लागतात, त्यात घाई करायची नाही. शेवटी निब मऊ कागदात गुंडाळून खाली तोंड करून ठेवा, कागद उरलेलं पाणी ओढून घेतो. लाकडी पेनाला आणि आत धातूचे जुने भाग असलेल्या पेनाला असं भिजत ठेवू नका, नुसतं आतून धुवा.

राहिली ती शेवटची ओळ, कंपन्या सांगणार नाहीत ही. पेनाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो कागद एकदा उघडून वाचा. त्यात पेन थंड किंवा कोमट पाण्यानं धुवायला सांगितलेलं असतं, आणि पाणी कुठलीच पेन कंपनी विकत नाही. इतकं करूनही शाई येत नसेल तर भिंगातून निबची दोन्ही पाती बघा. एक वर, एक खाली असेल किंवा टोकाशी उजेडाची जाड रेघ दिसत असेल, तर पेन जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि त्याआधी घरी काय काय केलं ते त्याला खरं सांगा.